फवारणाऱ्यांच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज मोजायला नॅनोट्यूबची पट्टी : कृती, आकडे आणि अडचणी

कपाशीचं_बोंड

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं औषध (मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस वगैरे) अंगात गेलं की रक्तातलं कोलिनेस्टरेज हे एन्झाइम बंद पडतं. लक्षणं दिसायच्या आधीच एन्झाइम उतरू लागलेलं असतं. ते गावातच, बोटाच्या एका थेंबात मोजता यावं, यासाठी हा धागा.

तत्त्व साधं आहे. रक्ताला ॲसिटाइलथायोकोलिन खायला द्यायचं. एन्झाइम त्याचं थायोकोलिन करतं. थायोकोलिनमध्ये गंधकाचा गट असतो, तो इलेक्ट्रोडवर ऑक्सिडाइज होतो आणि प्रत्येक रेणूमागे एक इलेक्ट्रॉन देतो. करंट जास्त म्हणजे एन्झाइम जिवंत, कमी म्हणजे दबलेलं.

साध्या कार्बनवर हे व्हायला ०.६ ते ०.७ व्होल्ट लागतात, आणि तेवढ्यावर युरिक आम्ल, क जीवनसत्त्व सगळंच ऑक्सिडाइज होतं. नॅनोट्यूबवर (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) कोबाल्ट थॅलोसायनिन (ऑक्सिडेशन सोपं करणारं निळं उत्प्रेरक) बसवलं की काम ०.१ व्होल्टच्या आसपास होतं. नॅनोपदार्थाचा खरा उपयोग इथे आहे.

पट्टी: छापील कार्बन इलेक्ट्रोड, मधला गोल ४ मिमी व्यासाचा, शेजारी चांदी-सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ. १० मिग्रॅ बहुभिंती नॅनोट्यूब आणि २ मिग्रॅ कोबाल्ट थॅलोसायनिन १० मिली डीएमएफ या द्रावकात अर्धा तास सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी मिसळणारं यंत्र), भांड्यात बर्फ टाकून. मग ५ मायक्रोलिटर थेंब इलेक्ट्रोडवर, वाळवायचा, वरून ०.५ टक्के नॅफिऑनचे (पातळ पडदा धरणारं बहुवारिक) २ मायक्रोलिटर.

मोजणी: १० मायक्रोलिटर रक्त, ९९० मायक्रोलिटर बफर (०.१ मोलर फॉस्फेट, पीएच ७.४, ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड, ०.०३ टक्के ट्रायटन एक्स-१००). ३७ अंशांवर १० मिनिटं. मग ५० मिलिमोलर ॲसिटाइलथायोकोलिन आयोडाइडचे १० मायक्रोलिटर, म्हणजे शेवटी साधारण ०.५ मिलिमोलर. बरोबर ३ मिनिटांनी ६० मायक्रोलिटर पट्टीवर, १५० मिलिव्होल्ट द्यायचे, तिसाव्या सेकंदाचा करंट वाचायचा.

अडचण दोन ठिकाणी आहे. पट्टीच्या कडेचं निळं इन्सुलेशन मऊ पडून गोलावर पसरतं. आणि एकाच नमुन्याची दुसरी पट्टी पंधरा-वीस टक्के वेगळा आकडा देते. जाणकारांनी कृपया सांगावं.

वर्धाकाठ

चांगला धागा. कृतीत तीन चुका आहेत, तिन्ही दुरुस्त होण्यासारख्या.

पहिली, डीएमएफ. ते छापील पट्टीची इन्सुलेशन शाई आणि कार्बन शाईतला बाइंडर दोन्ही विरघळवतं. तुमचं निळं पसरतं ते म्हणूनच. डीएमएफ फक्त थॅलोसायनिन नॅनोट्यूबवर चढवण्यापुरतं वापरा. सोनिकेशननंतर सेंट्रिफ्यूज करा, वरचं द्रावण काढा, इथेनॉलने धुवा. धुवण निळं येईनासं झालं की ६० अंशांवर वाळवा. मग १ मिग्रॅ पूड १ मिली इथेनॉल-पाणी मिश्रणात, त्यातच नॅफिऑन ०.५ टक्के होईल इतकं. ही शाई थेट पट्टीवर. ५ मायक्रोलिटर म्हणजे ५ मायक्रोग्रॅम नॅनोट्यूब, चौरस सेंटिमीटरला साधारण ४० मायक्रोग्रॅम. याहून जाड थर दिला तर करंट वाढतो तसा पार्श्वभूमीचा करंटही वाढतो, हाती काही लागत नाही.

दुसरी आणि सगळ्यात घातक: आयोडाइडचा क्षार. आयोडाइड दोन्हीकडून खोडा घालतं. व्होल्टेज जरा वर गेलं की ते स्वतःच ऑक्सिडाइज होऊन खोटा करंट देतं. शिवाय पट्टीवरच्या सिल्व्हर क्लोराइडचं सिल्व्हर आयोडाइड करून टाकतं. त्या दोन जोड्यांच्या प्रमाण विभवांत ३७० मिलिव्होल्टचा फरक आहे. म्हणजे तुम्ही १५० समजून देताय आणि इलेक्ट्रोडला मिळतंय भलतंच, तेही मोजणी चालू असताना सरकत. ॲसिटाइलथायोकोलिन क्लोराइड मागवा. महाग पडतं, पण दुसरा इलाज नाही.

तिसरी, तपासणी. पट्टी नीट झाली का हे बघायला सगळे फेरीसायनाइड वापरतात. पण नॅफिऑनवर ऋण भार असतो आणि फेरीसायनाइडवरही. ते आत शिरतच नाही आणि चांगली पट्टी वाईट दिसते. हेक्साॲमिनरुथेनियम क्लोराइड घ्या, ते धनभारित आहे. नॅफिऑन मात्र काढू नका. थायोकोलिन धनभारित म्हणून आत ओढलं जातं. युरेट, ॲस्कॉर्बेट आणि पेशी फुटल्यावर बाहेर येणारं ग्लुटाथायोन ऋणभारित, ती बाहेर रोखली जातात. पूर्ण नाही, पण बरीच.

पऱ्हाटी

कामाचा धागा हाये. एक गोष्ट कोनी लिहिली नाई म्हनून लिहितो. फवारा मारनारा मानूस नोझल जाम झालं की बोटानंच साफ करते. औषधाचं झाकन बी हातानंच उघडते. त्याच बोटातून तुमी रक्ताचा थेंब घ्याल तर थेंबात औषध बाहेरूनच मिसळन. मंग अंगातलं मोजलं का बोटावरचं मोजलं, कसं समजन? नखाखाली तर दोन-दोन दिवस वास रायते.

सुजाण_पिपेट

पऱ्हाटी भाऊ, तुम्ही सगळ्यात नेमकं बोललात. बोटावरचं औषध थेंबात उतरलं की एन्झाइम तिथेच, आपल्या नळीत मरतं, आणि धडधाकट माणूस विषबाधित दिसतो. उलट चूकही होते: एकदा असे आकडे आले की लोक यंत्रावरचा विश्वास सोडतात आणि खरा रुग्णही हातचा जातो.

पद्धत अशी ठेवा. हात साबणाने दोनदा, नखं ब्रशने घासून. ज्या हाताने नोझल धरतात तो सोडून दुसरा हात, करंगळीशेजारचं बोट. स्पिरिट लावून पूर्ण वाळू द्या. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाका, दुसरा घ्या. आकडा कमी आला तर त्याच दिवशी शिरेतून रक्त घेऊन पुन्हा मोजा. त्याशिवाय कोणाला काही सांगू नका.

शिरेतून घ्याल तर जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी. राखाडी झाकणाची चालणार नाही, तिच्यात फ्लोराइड असतं आणि ते कोलिनेस्टरेज दाबतं. साखरेच्या तपासणीची नळी हाताशी असते म्हणून तीच वापरली जाते, ही हमखास होणारी चूक.

बफरमध्ये आणखी एक गोष्ट हवी. पूर्ण रक्तात दोन कोलिनेस्टरेज असतात: लाल पेशींवरचं ॲसिटाइल आणि प्लाझ्मातलं ब्युटिरिल. दुसरंही थोडंफार तुमचा सबस्ट्रेट (ॲसिटाइलथायोकोलिन) खातं. ते यकृतात तयार होतं, कुपोषणात, यकृताच्या आजारात, गरोदरपणात औषधाशिवायच कमी होतं. ते बाजूला काढायला २० मायक्रोमोलर इथोप्रोपाझीन घाला. पाण्यात सहज विरघळत नाही, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात साठा करून ठेवा. फिनोथायझिन वर्गातलं असल्याने तेही ऑक्सिडाइज होतं, पण अर्ध्या व्होल्टच्या वर, १५० मिलिव्होल्टला त्रास नाही.

आणि आकडा हिमोग्लोबिनने भागल्याशिवाय लिहू नका. एन्झाइम लाल पेशीवर बसलंय. ज्या बाईचं हिमोग्लोबिन ८ आहे तिचा करंट १४ वाल्यापेक्षा कमीच येणार. निंदण-फवारणीला जाणाऱ्या बायांमध्ये रक्तक्षय किती, ते वेगळं सांगायला नको. उपकेंद्रातलं डिजिटल हिमोग्लोबिनोमीटर पुरेसं आहे. गडचिरोली-चंद्रपूरकडे सिकलसेलचे रुग्ण असतील तर त्यांची वेगळी नोंद ठेवा. त्यांच्यात कोवळ्या लाल पेशी जास्त, आणि कोवळ्या पेशीवर हे एन्झाइम जास्त असतं, त्यामुळे भागूनही आकडा चढा दिसू शकतो.

कपाशीचं_बोंड

वर्धाकाठ सर, क्लोराइड क्षार मागवतो. सुजाण_पिपेट ताई, रिकामी मोजणी किती घ्यायच्या? आत्ता एकच घेतो, रक्त न घालता.

सुजाण_पिपेट

दोन हव्यात. एक सबस्ट्रेट आहे पण रक्त नाही, कारण ॲसिटाइलथायोकोलिन पाण्यात आपोआपही फुटतं. पीएच जितका वर आणि द्रावण जितकं गरम तितकं जास्त. दुसरी रक्त आहे पण सबस्ट्रेट नाही. लाल पेशीत ग्लुटाथायोन साधारण २ मिलिमोलर असतं. पेशींचा वाटा ४५ टक्के धरून शंभर पट पातळ केलं तर ९-१० मायक्रोमोलर उरतं, आणि तोही गंधकाचाच गट. एकूण करंटमधून दोन्ही वजा करा.

सबस्ट्रेटची पूड ओलावा पटकन धरते. पावसाळ्यात फ्रीजमधून काढलेली बाटली लगेच उघडली की आत दव धरलंच. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण लावून ठेवा, मग उघडा. द्रावण रोज ताजं, बर्फावर. लोडशेडिंगमध्ये फ्रीज बंद पडला असेल तर कालचं द्रावण आज वापरायचं नाही.

सलाईन

वैद्यकीय बाजू लिहितो, कारण पट्टी कितीही अचूक झाली तरी आकड्याचा अर्थ चुकला तर नुकसान होईल.

निरोगी माणसांमध्येच हे एन्झाइम इतकं कमी-जास्त असतं की एकच आकडा बघून काही सांगता येत नाही. ज्याचं मुळातच वरच्या टोकाला आहे त्याचं तीस टक्के उतरलं तरी तो 'नॉर्मल'मध्येच दिसेल. म्हणून प्रत्येकाचा स्वतःचा पायाचा आकडा हवा, आणि त्याआधी किमान ३० दिवस फवारणीशी संबंध नसावा. आपल्याकडे हरभरा-तुरीची फवारणी संपल्यानंतर आणि पेरणीच्या आधी, म्हणजे मेचा काळ त्यासाठी बरोबर.

कॅलिफोर्नियात शेतमजुरांसाठी याचे नियम आहेत. आकडा पायाच्या ८० टक्क्यांच्या खाली आला की कामाची पद्धत तपासायची. लाल पेशींचं एन्झाइम ७० टक्के किंवा प्लाझ्मातलं ६० टक्के झालं की त्या माणसाला औषधापासून दूर करायचं, आणि पुन्हा ८० टक्के होईपर्यंत कामावर घ्यायचं नाही. लाल पेशींचं एन्झाइम दिवसाला जेमतेम एक टक्का भरून येतं. म्हणजे दहा टक्के भरायला दहा-बारा दिवस. आपल्याकडे मजुरी बुडते म्हणून माणूस तिसऱ्या दिवशी पंप पाठीवर घेतो. त्याला फवारणीऐवजी वेचणीचं किंवा डवरणीचं काम देता येईल का, हे शेतमालकाशी आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

आता मर्यादा. ही तपासणी ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट यांच्यापुरतीच. डायफेन्थियुरॉन, इमिडाक्लोप्रिड, सायपरमेथ्रिन, पॅराक्वाट यांची विषबाधा यात दिसणारच नाही, कारण ती औषधं या एन्झाइमवर काम करत नाहीत. आपल्याकडे एकाच टाकीत दोन-तीन औषधं मिसळतात. तेव्हा चांगला आकडा म्हणजे 'काही झालं नाही' असा दाखला नव्हे. कार्बामेटचं तर एन्झाइम काही तासांतच आपोआप सुटतं, आणि पातळ केल्यावर नळीतही सुटत जातं. संध्याकाळचा नमुना सकाळी मोजला तर हाती काही नाही.

आणि बुबुळातली बाहुली टाचणीएवढी, तोंडाला लाळ, घाम, छातीत घरघर, हातपाय फडफडणं यातलं काही असेल तर पट्टी काढत बसू नका. कपडे काढा, अंग धुवा, रुग्णवाहिका १०८, जवळचं रुग्णालय. ॲट्रोपिन लक्षणांवर दिलं जातं, रिपोर्टसाठी थांबत नाहीत.

तारायंत्र

मोजणी-यंत्राचं सांगतो. ठरलेल्या एकाच व्होल्टेजवर करंट वाचायचा असल्याने महागडं पोटेन्शिओस्टॅट (व्होल्टेज राखून करंट मोजणारं यंत्र) लागत नाही. एलएमपी ९१००० ही चिप पुरते. ती संदर्भ-व्होल्टेजच्या टक्क्यांत बायस (इलेक्ट्रोडला द्यायचं व्होल्टेज) देते: २.५ व्होल्टच्या संदर्भाला ६ टक्के म्हणजे बरोबर १५० मिलिव्होल्ट. ईएसपी ३२ या मायक्रोकंट्रोलरशी दोन तारांनी (आयटूसी) बोलते.

करंट किती येईल याचा अंदाज आधी काढा. ५० मायक्रोमोलर थायोकोलिन, ०.१२६ चौ. सेंमी इलेक्ट्रोड, तिसावा सेकंद: कॉट्रेल समीकरणाने (डिफ्युजनने येणारा करंट काढायचं सूत्र) साधारण ०.१७ मायक्रोॲम्पिअर. चिपमधला ३५० किलोओहमचा रेझिस्टर निवडला की ६० मिलिव्होल्टच्या आसपास. ईएसपी ३२ चा स्वतःचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) इथे वापरू नका, तो सरळ रेषेत वाचत नाही. एडीएस १११५ ही वेगळी एडीसी चिप लावा, अर्ध्या व्होल्टची रेंज, सेकंदाला ८ नमुने. इतका संथ ठेवला की विजेची ५० हर्ट्झची गुणगुण तोच गाळतो. चार्जर लावून मोजू नका, लिथियम सेलवर चालवा. पट्टीपासून चिपपर्यंतची तार बोटभर, त्याहून लांब नको.

तिसाव्या सेकंदाच्या आधी वाचायचा मोह टाळा. नॅनोट्यूबचं पृष्ठफळ मोठं, म्हणून सुरुवातीचा करंट बराचसा नुसता चार्जिंगचा असतो. आधी नुसतं बफर टाकून साठ सेकंद १५० मिलिव्होल्ट द्या, गाळणकागदाच्या कडेने टिपून घ्या, मग नमुना.

कपाशीचं_बोंड

तारायंत्र दादा, ३७ अंश राखायला काय वापरावं? मे महिन्यात दुपारी खोलीतच ४३-४४ असतं. हीटर बंद ठेवूनही पाणी वर जातं.

तारायंत्र

तिथे हीटर नाही, थंडावा लागतो. सोपा मार्ग वेळ बदलायचा: पायाची मोजणी सकाळी ६ ते ९. चांगल्या थर्मासमध्ये ३७ अंशांचं पाणी, नळ्या त्यात उभ्या, झाकणातून डिजिटल थर्मामीटर. १५ मिनिटांत अर्ध्या अंशाहून जास्त हलता कामा नये. पट्टीवरच्या थेंबाचं तापमानही नोंदवा. नुसत्या डिफ्युजनमुळेच दर अंशाला करंट साधारण एक टक्का बदलतो. मेमधल्या ४० अंशांच्या खोलीत पाया घेतला आणि सप्टेंबरच्या झडीत २६ अंशांवर दुसरा आकडा घेतला, तर माणसाला काहीही न होता चौदा टक्के उतरलेले दिसतील.

पंखा आणि कूलर मात्र बंद. वाऱ्याने थेंब हलतो, वाळतो आणि करंट नाचतो.

वर्धाकाठ

आता पट्टीगणिक फरकाकडे येतो, कारण हा सगळा खटाटोप त्याच्यावर उभा आहे.

समजा तुमच्या पट्ट्यांत १० टक्के प्रमाण विचलन आहे. पायाचा आकडा एका पट्टीवर, नंतरचा एका पट्टीवर. दोहोंच्या फरकातलं विचलन १४ टक्के झालं. मग २० टक्क्यांची घट खरी की पट्टीची, सांगताच येत नाही. दोन्ही वेळा तीन-तीन पट्ट्या घेऊन सरासरी काढली तर तेच ८ टक्क्यांवर येतं, आणि २० टक्क्यांची घट त्याच्या अडीचपट, म्हणजे बोलण्याइतकी. तुमच्या सध्याच्या पंधरा-वीस टक्क्यांत तीन पट्ट्याही पुरणार नाहीत. आधी विचलन दहाच्या आत आणा, मगच गावात जा.

फरक येतो तो बहुतेक वाळण्यातून. थेंब कडेने आधी वाळतो आणि नॅनोट्यूब कडेला कंगोऱ्यासारख्या जमतात. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात हे जास्त होतं. पट्ट्या सपाट काचेवर, वरून पेट्री डिश, शेजारी ओल्या कापसाचा बोळा, असं सावकाश वाळवा. ५ मायक्रोलिटर एकदम न टाकता २.५ चे दोन थर द्या. शाई दर दहा पट्ट्यांनी हलवून घ्या, नॅनोट्यूब तळाला बसतात आणि शेवटच्या पट्ट्यांना नुसतं नॅफिऑन मिळतं. सोनिकेशनही वाढवू नका, नळ्या तुटून आखूड होतात. एका बाटलीतली नॅनोट्यूब पूर्ण हंगामाला पुरवा. दुसऱ्या बाटलीत उरलेल्या लोह-निकेल उत्प्रेरकाचं प्रमाण वेगळं असतं आणि वागणूक बदलते. पूड वजन करताना पंखा बंद, एन-९५ मास्क, आणि सांडली तर झाडू नका, ओल्या कागदाने टिपा. ही धूळ फुप्फुसात जाऊ द्यायची नाही.

प्रत्येक घाणीतल्या (एकदम केलेल्या पट्ट्यांच्या खेपेतल्या) वीसपैकी तीन पट्ट्या थायोकोलिनच्या १०, २०, ४०, ८०, १२० मायक्रोमोलरवर तपासा. थायोकोलिन विकत मिळण्यापेक्षा करून घेणं सोपं: ॲसिटाइलथायोकोलिन क्लोराइड सोडियम हायड्रॉक्साइडने फोडा, उदासीन करा, आणि किती झालं ते डीटीएनबीने (गंधकाच्या गटाशी पिवळा रंग देणारं रसायन) ४१२ नॅनोमीटरवर मोजा, शोषण-गुणांक १४,१५०. हवेत ते तासाभरातच कमी होऊ लागतं, म्हणून लगेच वापरा. पट्ट्या एकदाच वापरायच्या. थायोल (गंधकाचा गट असलेला रेणू) चांदीला चिकटतं आणि दुसऱ्या वेळी संदर्भ हललेला असतो.

पऱ्हाटी

डीटीएनबी हातात हायेच तं मंग सरळ रंगावरच काऊन नाई मोजत? पट्टीचा एवढा आटापिटा कायले?

वर्धाकाठ

भाऊ, रास्त प्रश्न. एलमनची रंगाची पद्धत १९६१ पासून आहे आणि प्रयोगशाळेत तीच प्रमाण. पण तिचा पिवळा रंग ४१२ वर दिसतो आणि हिमोग्लोबिनचं सगळ्यात मोठं शोषण ४१५ च्या जवळ. पूर्ण रक्तात एक दुसऱ्याला झाकतं. म्हणून मोजणारे ४३६ वर सरकतात किंवा पेशी धुऊन घेतात, त्याला सेंट्रिफ्यूज आणि चांगला फोटोमीटर लागतो. पट्टीला रक्ताच्या लाल रंगाशी देणंघेणं नाही. पण पट्टीचा आकडा खरा की खोटा हे ठरवायला सुरुवातीचे तीस-चाळीस नमुने दोन्ही पद्धतींनी मोजावेच लागतील. ते तालुक्याच्या कॉलेजात होऊ शकतं.

सुजाण_पिपेट

त्या नमुन्यांसाठी नैतिकता समितीची परवानगी आणि प्रत्येकाची मराठीतली लेखी संमती आधी घ्या. टोचणीच्या सुया पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. वापरलेल्या पट्ट्या आणि नळ्या उपकेंद्राच्या जैववैद्यकीय कचऱ्यासोबत द्या, घरच्या उकिरड्यावर नाही.

कपाशीचं_बोंड

इथेनॉलच्या शाईने, झाकून वाळवलेल्या बारा पट्ट्या आज ४० मायक्रोमोलर थायोकोलिनवर लावल्या. निळं इन्सुलेशन जागेवर आहे. विचलन ११ टक्के. दोन पट्ट्या फारच खाली होत्या, त्या दोन्ही शाईच्या बाटलीतल्या शेवटच्या. उद्या बाटली दर पाच पट्ट्यांनी हलवून पुढची घाणी करतो, आकडे इथेच टाकतो.